हवामान बदल, आपलं वागणं आणि धोरणांना लोकांचा पाठिंबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात : ‘लोकांना काही पडलेलं नाही’ आणि ‘जनजागृती झाली पाहिजे’. गेल्या पंचवीसेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी या विषयावर भरपूर काम केलं आहे. त्यापुढे ही दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. लोकांना काळजी आहे. गाडी अडते ती तीन शंकांपाशी : बोजा माझ्यावरच पडणार का, बाकीचे आपला वाटा उचलणार का, आणि एवढं करून उपयोग होणार का. सोसायटीच्या कमिटीत, ग्रामसभेत, शाळेत किंवा महापालिकेच्या सुनावणीत हा विषय मांडणाऱ्यांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

लोकांना खरंच काळजी आहे, की विचारल्यावर बरं दिसावं म्हणून ‘हो’ म्हणतात?

बरं दिसावं म्हणून बोलणारे असतातच, पण सगळा आकडा त्यांच्यावर ढकलता येत नाही. २०२४ मध्ये १२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांचं एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. आपल्या घरच्या उत्पन्नातला एक टक्का दर महिन्याला हवामानासाठी द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. सरकारने याहून जास्त करायला हवं, असं ८९ टक्के लोकांचं म्हणणं होतं.

भारतापुरतं बोलायचं तर अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सर्वेक्षण करणारी सी-व्होटर ही संस्था यांच्या २०२२ च्या अहवालात ५४ टक्के लोकांनी सांगितलं की ‘ग्लोबल वॉर्मिंग’बद्दल आपल्याला अगदी थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलेलंच नाही. पण त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगितल्यावर ८४ टक्के म्हणाले, हे घडतंय. यात नवल काही नाही. मराठवाड्यातला शेतकरी सरासरी तापमानवाढीच्या भाषेत बोलत नाही. तो फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीबद्दल बोलतो, काढणीला आलेलं सोयाबीन भिजवून टाकणाऱ्या पावसाबद्दल बोलतो. त्याला काही माहीतच नाही असं समजून सुरू केलेला संवाद पहिल्याच वाक्याला फसतो.

मग ‘कुणाला काही पडलेलं नाही’ असं आपल्याला का वाटतं?

कारण दुसऱ्यांच्या मनातलं आपण चुकीचं ओळखतो. वर सांगितलेल्या १२५ देशांच्या सर्वेक्षणात आणखी एक प्रश्न होता : तुमच्या देशातले किती लोक एक टक्का उत्पन्न द्यायला तयार होतील? सरासरी अंदाज आला ४३ टक्के. प्रत्यक्षात तयार होते ६९. अमेरिकेत २०२२ मध्ये झालेल्या अभ्यासात ही दरी आणखी मोठी निघाली. तिथे हवामान धोरणांना ६६ ते ८० टक्के लोकांचा पाठिंबा होता, पण लोकांना तो ३७ ते ४३ टक्केच असेल असं वाटत होतं.

या गैरसमजाचे परिणाम गंभीर असतात. आपण एकटे आहोत असं वाटणारा माणूस बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून शेजाऱ्यालाही आपण एकटे आहोत असं वाटतं. नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत सगळे तीच शांतता ऐकतात आणि ‘लोकांची तयारी नाही’ असा अर्थ काढतात.

१९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना खोलीत बसवून फॉर्म भरायला दिले आणि भिंतीतून धूर सोडला. एकटं बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. हवामानाबद्दलची आपली सार्वजनिक शांतता मला याच जातीची वाटते.

माहिती दिली की माणूस बदलतो, हे बरोबर ना?

थोडंसं. कोणती माहिती, यावर सगळं आहे.

कशाने किती ऊर्जा वाचते, याची माहिती उपयोगी पडते, कारण तिथे आपले अंदाज फार चुकतात. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना ऊर्जा वाचवायचा सगळ्यात प्रभावी उपाय विचारला, तर दिवे बंद करण्यासारख्या गोष्टी पुढे आल्या. जास्त वीज खाणारी उपकरणं बदलणं फार थोड्यांना सुचलं. आपल्याकडेही एसी, गीझर आणि जुना फ्रिज सोडून ट्यूबलाइटवरून घरात वाद होतात.

पण संकट किती मोठं आहे याचे आणखी आकडे ऐकवून धोरणांचा पाठिंबा फारसा वाढत नाही. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासणी झाली, तेव्हा असं दिसलं की धोरणाला पाठिंबा कोण देणार हे ज्ञानावरून नीट कळत नाही. ते कळतं दोन गोष्टींवरून : धोरण न्याय्य वाटतं का आणि त्याचा उपयोग होईल असं वाटतं का. अमेरिकेत तर, जिथे हा विषय पक्षांमध्ये वाटला गेला आहे, तिथे विज्ञानाची समज वाढली तशी दोन गटांतली मतं एकमेकांपासून आणखी लांब गेलेली आढळली. हुशार माणूस आपल्या गटाची बाजू जास्त हुशारीने मांडतो.

शेजाऱ्याचं पाहून आपण वागतो, हे कितपत खरं?

जितकं आपण कबूल करतो त्याहून बरंच जास्त. कॅलिफोर्नियात लोकांना वीज का वाचवता हे विचारलं. पर्यावरण, पैसे, समाजहित ही कारणं वर आली आणि ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे सगळ्यात खाली गेलं. प्रत्यक्ष आकडे तपासल्यावर उलटंच निघालं : शेजारी काय करतात याबद्दलची समजूत विजेच्या वापराशी सगळ्यात घट्ट जोडलेली होती. छतावरच्या सोलर पॅनेलचंही तेच. कॅलिफोर्नियात आणि कनेक्टिकट या अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात एका घरावर पॅनेल बसलं की आसपासच्या घरांवर ते बसण्याची शक्यता वाढते, असं दिसून आलं आहे.

मात्र हे साधन उलटतंही. कॅलिफोर्नियातल्याच सॅन मार्कोस या गावात २००७ च्या प्रयोगात घराघराला त्यांचा वीजवापर आणि परिसराची सरासरी कळवली. जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे सरासरीकडे वर सरकले. कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर नुसता एक हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे’ अशी पाटी लावल्यावर चोरी वाढली. ‘कृपया नेऊ नका’ एवढ्या साध्या पाटीने ती कमी राहिली.

आपल्याकडच्या किती फलकांवर हीच चूक असते! ‘अनेक नागरिक इथे कचरा टाकतात’ असं लिहिणं म्हणजे इथे टाकायची पद्धत आहे, असं सांगणं. ‘या इमारतीतली ४० पैकी ३१ घरं ओला कचरा वेगळा देतात’ हे वाक्य, ते खरं असेल तर, कितीतरी जास्त काम करतं.

श्रद्धेचा प्रश्न आला की सगळं अडतं. गणेश विसर्जनाचं काय?

विसर्जनाच्या बाबतीत बदल झाला आहे, आणि तो कसा झाला हे नीट बघण्यासारखं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नदीघाटांवर उभे राहून ‘मूर्ती पाण्यात सोडण्याऐवजी दान करा’ अशी विनंती करू लागले, तेव्हा कडवा विरोध झाला. आज पुणे, कोल्हापूर, नाशिक, ठाणे, मुंबई अशा शहरांत महापालिका स्वतः हौद आणि कृत्रिम तलाव उभारतात. निर्माल्यासाठी कलश ठेवलेले असतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करणं बंधनकारक झालं.

माझ्या मते इथे तीन गोष्टी जुळल्या. विधी तसाच राहिला : आरती होते, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं जातं, मूर्ती पाण्यातच जाते. पर्याय घराजवळ आला, त्यामुळे लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन जाणं सोपं झालं. आणि हौदाभोवती आपल्यासारखीच माणसं दिसू लागली. श्रद्धा सोडायला कुणी सांगितलं नाही, म्हणून तर पाऊल पुढे पडलं. पीओपीवर पोट असलेल्या पेणसारख्या ठिकाणच्या मूर्तिकारांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. शाडूकडे वळण्याचा खर्च त्यांनी एकट्याने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे.

एकट्याने काही केल्याने फरक पडतो का?

पडतो, पण सगळ्यांचा सारखा नाही आणि व्यवस्था बदलल्याशिवाय फार नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार मागणीच्या बाजूने, म्हणजे ऊर्जा आणि वस्तू वापरण्याच्या पद्धतीत, केलेल्या बदलांनी २०५० पर्यंत वापराच्या क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्के कमी होऊ शकतं. हा आकडा अनेकदा ‘सवयी बदला’ या सल्ल्यासाठी वापरला जातो. पण त्यात शहरांची रचना, सार्वजनिक वाहतूक, इमारती आणि तंत्रज्ञान हे सगळं धरलेलं आहे. पुण्यात पीएमपीची बस वेळेवर आली नाही तर दुचाकी सोडा असं सांगून उपयोग नाही.

वाट्याचंही बघायला हवं. त्याच अहवालानुसार जगातली वरची १० टक्के कुटुंबं ३४ ते ४५ टक्के उत्सर्जनाला जबाबदार आहेत. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. आणि त्या दोन टनांत विमानाने फिरणारा आणि चुलीवर स्वयंपाक करणारी अशा दोघांचीही बेरीज आहे. ‘आपण सगळ्यांनी’ असं सुरू होणारं वाक्य त्या बाईला सांगताना मला तरी संकोच वाटेल.

लोकांना न सांगता, न समजावता काही बदलतं का?

हो, मूळ पर्याय बदलून, म्हणजे आपण काहीच निवडलं नाही तर जो आपोआप लागू होतो तो. जर्मनीतल्या एका प्रयोगात ऑनलाइन वीज कंपनी निवडताना हरित विजेच्या चौकटीत आधीपासून खूण केलेली होती, तेव्हा ६९ टक्के लोकांनी ती तशीच ठेवली. खूण स्वतः करायची होती, तेव्हा फक्त ७ टक्क्यांनी केली. भारतात जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेला एसी सुरू केला की तो २४ अंशांवरच सुरू व्हावा, असा नियम आहे. ज्याला कमी करायचं त्याने करावं.

छोट्या कृतींत समाधान मानून लोक मोठ्या धोरणांकडे पाठ फिरवतात का?

ही भीती अगदीच निराधार नाही. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेनंतर जपानमध्ये लोकांनी खूप वीज वाचवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना आपण केलेली बचत आठवायला लावली, त्यांचा कार्बन कराला, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरच्या कराला, पाठिंबा कमी झाला. ‘आमचा वाटा आम्ही उचलला’ अशी भावना. अमेरिकेत, सोपा उपाय समोर ठेवला की कराला पाठिंबा घटतो, असंही दिसलं. त्याच अभ्यासातला पुढचा भाग महत्त्वाचा आहे : त्या सोप्या उपायाने किती थोडा फरक पडतो हे स्पष्ट सांगितलं की घट नाहीशी होते. म्हणून शाळेत कापडी पिशव्या वाटताना ‘आता पृथ्वी वाचली’ असं मुलांना सांगू नये.

कर म्हटला की लोक चिडतात. मग कर लावूच नये का?

चिड कशाची आहे हे आधी ओळखावं. भारतासह २० देशांतल्या ४०,००० हून अधिक लोकांच्या अभ्यासात हवामान धोरणांचा पाठिंबा तीन समजुतींवर उभा असलेला दिसला : याने प्रदूषण खरंच कमी होईल का, गरिबांवर बोजा पडेल का, आणि माझ्या घराचं काय होईल. हवामान बदलाचे दुष्परिणाम सांगणारा व्हिडिओ दाखवून पाठिंबा जेमतेम हलला. धोरण कसं चालतं आणि कुणाला काय मिळतं हे सांगणाऱ्या व्हिडिओने तो स्पष्ट वाढला.

फ्रान्समध्ये या तिन्ही ठिकाणी पाय घसरला. सरकारने इंधनावरचा कर वाढवत नेला आणि २०१८ च्या सुरुवातीलाच श्रीमंतांवरचा संपत्ती कर जवळजवळ काढून टाकला. गावाकडे राहणाऱ्या, बस-रेल्वे नसलेल्या माणसाला डिझेलशिवाय कामावर जाता येत नव्हतं. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये पुढची करवाढ मागे घ्यावी लागली. ते लोक पर्यावरणाचे शत्रू नव्हते. खर्च आमच्याकडून वसूल करता आणि वरच्यांना सूट देता, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नंतरच्या अभ्यासात, कराची सगळी रक्कम सारखी वाटून परत देऊ असं सांगूनही बहुतेकांना आपला तोटाच होईल असं वाटत राहिलं, त्यातल्या अनेकांचा फायदा होणार असूनही. एकदा गेलेला विश्वास हिशेबाने परत येत नाही.

भारतात कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर लागला आणि २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. रस्त्यावर कुणी उतरलं नाही, कारण तो वीजबिलात दिसत नव्हता. काही जण याला यशस्वी धोरण म्हणतात. मला तसं वाटत नाही. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून सुरू झालेला हा पैसा २०१७ नंतर जीएसटीमुळे राज्यांना द्यायच्या नुकसानभरपाईत वळला, तेव्हाही कुणी विचारलं नाही. जे लोकांना ठाऊकच नाही, त्याचं रक्षण करायला लोक येत नाहीत.

पैसे परत दिले तर प्रश्न सुटतो ना?

परत मिळाले हे दिसलं तर. कॅनडात २०१९ पासून इंधन शुल्काचा मोठा भाग कुटुंबांना परत दिला जात होता. पण सुरुवातीला तो आयकर विवरणपत्रातून मिळायचा आणि अनेकांना आपल्याला काही मिळतं हेच माहीत नव्हतं, मिळणारी रक्कमही ते कमी समजत. पेट्रोल पंपावरचा खर्च मात्र दर आठवड्याला दिसे. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचं हे शुल्क बंद झालं.

लोकांचा विरोध असताना धोरण आणावं का? नंतर मत बदलतं का?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू झाल्या. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग झाला. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि हे कुणाला आकडे देऊन सांगावं लागलं नाही. मोकळा रस्ता समोर होता. प्रयोग संपला त्या दिवसापासून गर्दी परत आली, तीही दिसली. सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहराने निसटता का होईना कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. पुढच्या काही वर्षांत पाठिंबा दोन-तृतीयांशाच्या आसपास पोचला.

आता महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी घ्या. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू झाला : पहिल्यांदा ५,००० रुपये. भाजीवाल्या मावशींच्या हातात तेव्हा परवडणारा पर्याय नव्हता. काही दिवसांतच किराणा पॅकिंगला सूट द्यावी लागली. लोकांना हेतू मान्य होता, पण नियम कधी कडक, कधी ढिला, आणि दंड नेमका हातगाडीवर. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये बंदी न घालता पिशवीमागे १५ सेंट आकारले. ते प्रत्येक ग्राहकाला, प्रत्येक दुकानात, सारखे लागू होते. वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला.

म्हणजे विरोध असला तरी धोरण आणता येतं. पण पर्याय आधी, नियम सगळ्यांना सारखा आणि परिणाम डोळ्यांना दिसेल असा हवा. नुसता धाकाचा मार्ग धरला तर पुढच्या चांगल्या धोरणाचीही वाट बंद होते.

गावात हे जमतं का?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान स्वीकारलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर रब्बीची पिकं ठरवायची. माणसं एकमेकांना किती सहकार्य करतात हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या खेळांत दिसतं की साधारण निम्मी माणसं ‘इतर करतील तर मीही करीन’ या वृत्तीची असतात. पूर्ण निःस्वार्थी थोडे असतात; पूर्ण फुकटे त्याहून जास्त, पण तेही अल्पसंख्यच. हिवरे बाजारात ताळेबंद सगळ्यांसमोर असतो, त्यामुळे शेजारी पाळतोय हे कळतं आणि आपण एकटेच फसलो अशी भावना राहत नाही.

भीती दाखवावी की आशा?

६३ देशांत ५९,००० हून अधिक लोकांवर, हवामानासाठी त्यांना कृतीकडे वळवण्याच्या अकरा पद्धती तपासल्या गेल्या. भीती-संताप जागवणाऱ्या मजकुराने लोकांनी समाजमाध्यमावर माहिती पुढे पाठवण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त वाढलं. पण वेळ खर्चून झाडं लावायला मदत करण्याचं काम कुठल्याच पद्धतीने वाढलं नाही. धोरणाच्या पाठिंब्यासाठी, पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाला पत्र लिहायला लावणं सगळ्यात उपयोगी ठरलं, तेही दोन-तीन टक्क्यांनीच. तरुण मुलांना आणखी घाबरवण्याची गरज मुळीच नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० मुलामुलींपैकी ५९ टक्के अतिशय काळजीत होते.

सांगणारा कोण असावा?

स्वतः करणारा. कनेक्टिकटमध्ये सोलर योजनेचा प्रचार करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी ज्यांनी आपल्या घरावर पॅनेल बसवले होते, त्यांनी इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त घरं जोडली. आपल्याला हे नवीन नाही. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. क्रम तोच होता.

आमच्या सोसायटीत छतावर सोलर बसवायचं आहे. सुरुवात कशी करू?

सर्वसाधारण सभेत थेट विषय मांडून हात वर करायला सांगू नका. जोरात बोलणाऱ्या दोघांचा विरोध सगळ्यांचा वाटतो. आधी घरोघरी चिठ्ठीवर मत घ्या, नावाशिवाय, आणि आलेला आकडा जिन्याजवळच्या बोर्डावर लावा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं गेल्या वर्षीचं बिल शेजारी लावा. जवळच्या ज्या सोसायटीत पॅनेल बसले आहेत तिथल्या सेक्रेटरींना सभेला बोलवा, विक्रेत्याला नंतर. मेंटेनन्समधली बचत भाडेकरू, एकटे राहणारे ज्येष्ठ, वरच्या मजल्यावर गळतीची भीती असलेले या प्रत्येकाच्या वाट्याला कशी येणार, ते कागदावर लिहून द्या. आणि पॅनेल बसल्यावर रोज किती युनिट तयार झाली, तो आकडा लिफ्टशेजारी, येता-जाता दिसेल असा लावा.